पाटी वाचली का?

आमच्या घरमालकांच्या ओट्यावर चहा नेहमी मागल्या माणसापासून सुरू व्हायचा. दाराजवळ कितीही मोठा पाहुणा बसलेला असो, काकूंनी ट्रे आणला की घरमालक हातानं दिशा दाखवायचे, "तिकडून. टेलपासून." मग जिन्याच्या पायरीवर अंग चोरून बसलेल्या एखाद्या भाडेकरूला पहिला कप मिळायचा, आणि पाहुणा आपला कप कधी येतो ते बघत बसायचा. घरमालक स्वतः सगळ्यात शेवटी. बरेचदा त्यांच्यापर्यंत येईतो ट्रे रिकामा झालेला असायचा आणि काकू पुटपुटत पुन्हा आधण ठेवायच्या.

त्यांची सगळी नोकरी कालवा निरीक्षक म्हणून गेली होती. कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला ज्यांचं शेत, ते टेलचे शेतकरी. वरचे लोक पाणी घेऊन मोकळे होतात आणि टेलला ओल सुद्धा पोचत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. म्हणून पाण्याची पाळी सोडायची ती टेलपासून, हा त्यांचा नियम. रिटायर झाल्यावर हाताखाली कालवा राहिला नाही, तेव्हा तो नियम त्यांनी घरात लागू केला. नळाला पाणी आलं की आधी गच्चीलगतच्या खोलीला, मग मधल्या मजल्याला, शेवटी स्वतःच्या घराला. व्हॉल्व्हची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. परभणीच्या उन्हाळ्यात असा घरमालक मिळणं म्हणजे चैनच होती. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो.

मी तेव्हा परभणीतल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवत होतो. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी आली की घरी. माझ्या गावाहून, राणीसावरगावहून, रोज जाणं-येणं जमेना म्हणून खोली शोधत त्यांच्या दारात गेलो. माझं नाव, जात, लग्न, मांसमच्छी, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच.

"शिकवता काय?"

"कॉम्प्युटर."

"मग तुमाला आमचं गेट लवकर समजंल. बसा."

असं म्हणून त्यांनी चष्मा लावला, खिशातून मोबाइल काढला आणि मला एक मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. तो जवळजवळ पाठ होता त्यांना, तरी ते बघूनच वाचायचे. सरकारी कागद वाचताना आवाज बदलतो तसा त्यांचा आवाज बदलायचा.

"हे गेट बंद आहे. कारण : इथे पत्ते व सट्टा चालतो, त्यात घर बुडते. तक्रार असल्यास संध्याकाळी ओट्यावर यावे. ऐकून घेतले जाईल. कोणी रागावणार नाही."

वाचून झाल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ही पाटी हाय. घरात वायफाय फुकट हाय, पण गेट लावलेलं हाय. काही अडलं तर पाटी दिसंल. पाटी दिसली की ओट्यावर यायचं. मंजूर?"

मी मंजूर म्हणालो. फुकट वायफायला नाही कोण म्हणणार!

प्रकार असा होता. आपण एखाद्या साइटचं नाव टाइप करतो, पण यंत्राला नाव कळत नाही, नंबर कळतो. म्हणून ते आधी कुणाला तरी विचारतं, या नावाचा नंबर काय. हे विचारणं जिथं होतं, तिथंच साहेबांनी चौकी बसवली होती. जिन्याखाली एक जुना कॉम्प्युटर रात्रंदिवस घुमत असायचा. घरातल्या प्रत्येक मोबाइलनं, लॅपटॉपनं पत्ता विचारायचा तो त्यालाच. विचारलेलं नाव चांगलं असेल तर तो खरा नंबर द्यायचा. बंद यादीतलं असेल तर स्वतःचाच नंबर द्यायचा. म्हणजे पत्ता विचारणाऱ्याला फिरवून पुन्हा आपल्याच जिन्याखाली आणून सोडायचा. तिथं ती पाटी. केबलवाल्या पोरानं पाटीच्या चारी बाजूंनी गुलाबाची वेल काढून दिली होती. साहेबांना वेल आवडली नव्हती, पण काकूंना आवडली म्हणून राहिली.

आम्हा तंत्रवाल्यांना असल्या गोष्टीचं हसू येतं. मी एकदा म्हणालोही, "साहेब, मोबाइलचं स्वतःचं नेट चालू केलं की तुमचं गेट संपलं. कुणीपण कडेनं जाईल."

ते अजिबात चिडले नाहीत. "जातंयच की. पाणी कडेनं जातंयच. लोकं रबरी पाइप टाकून घेत्यात, भराव फोडून घेत्यात, आमी काय बघितलं न्हाई का? सर, गेट पाणी अडवायला नसतंय. गेट बंद झालं की माणूस आपल्याकडं येतंय. भांडायला का होईना, येतंय. आलं की बसवायचं, पाणी पाजायचं, बोलायचं. गेट त्याच्यासाठी असतंय."

त्यांचा तो संध्याकाळचा दरबार मी पुष्कळ बघितला. ओट्यावर दोन लोखंडी खुर्च्या. एकीवर साहेब, समोरची तक्रारदाराची. यादी आपोआप वाढत जाणारी होती आणि तिला अक्कल नव्हती, त्यामुळे पत्ते आणि सट्टा सोडून भलत्याच गोष्टी अडकायच्या. कधी औषधाच्या दुकानाची साइट, कधी लग्न जुळवणारी, कधी सोयाबीनचे भाव सांगणारी. मधल्या मजल्यावर एक बँकवाले राहायचे. त्यांची क्रिकेटचा स्कोअर दाखवणारी साइट बंद पडली तेव्हा ते आले.

"पाटी वाचली का?" साहेबांचा पहिला प्रश्न. हा प्रश्न सगळ्यांना असायचा.

"हो साहेब, वाचली."

"मग बोला. पीक काय?"

"आँ?"

"पाणी मागायलात तर पीक काय ते सांगा. ऊस हाय का भुईमूग हाय? कशाला पायजे?"

बँकवाले बिचारे स्कोअरचं पीक काय सांगणार. थोडा विरंगुळा म्हणाले. साहेबांनी विचार केला, मान हलवली. "विरंगुळा बी पीकच हाय. पण तिच्यात सट्ट्याच्या जाहिराती येत्यात, ते तण हाय. तण उपटून देता येतंय का बघतो." आणि खरंच ते दुसऱ्या दिवशी केबलवाल्या पोराला बोलावून तासभर त्याच्याशी वाद घालत बसले. दुसरी एक स्कोअरची साइट मोकळी करून मिळाली. बँकवाले खूश. मला वाटलं, हौस आहे म्हाताऱ्याची, रिकामपणाचा उद्योग आहे.

उद्योग नव्हता, हे मला काकूंनी सांगितलं. मी ज्या खोलीत राहत होतो ती अमोलची खोली होती. अमोल म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. कृषी सेवा केंद्रात कामाला होता, शांत होता, वडलांसारखाच उंच. मोबाइलवरच्या पत्त्यांच्या डावात तो कधी गुंतला ते घरात कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा झरीकडचं शेत विकावं लागलं. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं.

"बोलायचं असलं तर माझ्या तोंडून बोलायचे दोघं," काकू भांडी पुसत सांगत होत्या. "त्याला म्हण जेवून घे. त्यांना म्हण मला भूक न्हाई. मीच आपली हिकडून तिकडं. मग यायनी हे मशीन बसवलं. मी म्हणलं, अहो, पोरगं वरच्या खोलीत हाय. जिना चढून जा की. मशीनवर काय लिवायलात? तर म्हणले, तुला न्हाई समजत. पाटी वाचंल आन् येईल खाली."

अमोल खाली आला नाही. पाटी लावल्यापासून साहेब रोज संध्याकाळी दोन खुर्च्या टाकून बसायचे. बाकीचे भाडेकरू यायचे, कुणी औषधाच्या साइटसाठी, कुणी सोयाबीनच्या भावासाठी. अमोल खोलीतून निघायचा, ओट्यावरून, बापाच्या समोरून, चपला घालून बाहेर जायचा. बाप काही बोलायचा नाही, कारण तक्रार तक्रारदारानं मांडायची असते. असं चालत राहिलं आणि एक दिवस तो गेला तो परत आलाच नाही. पुण्याला गेला असं दुकानातल्या कुणी सांगितलं. फोन बंद. काकूंनी पोखर्णीच्या नृसिंहाला नारळ ठेवला. साहेबांनी खोली भाड्यानं द्यायला काढली.

"वाचून आला न्हाई त्यो," एवढंच ते म्हणायचे. "शब्द न् शब्द वाचला रोज. रागावणार न्हाई म्हणलं होतं, ते बी वाचलं. तरी आला न्हाई. त्याची खोली कशाला राखायची?"

हे म्हणताना त्यांचा आवाज कडक व्हायचा, पाठ ताठ व्हायची. त्या रागावरच ते उभे होते, हे मला फार नंतर उमगलं.

पाटीचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. एकदा ओट्यावर आम्ही दोघंच असताना त्यांनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला वरून हुकूम आला आणि त्यांनी झरीकडच्या एका चारीचं, म्हणजे कालव्याच्या फाट्याचं, गेट ऐन उन्हाळ्यात बंद केलं. बंद केल्यावर गेटावर पत्र्याची पाटी टांगायची पद्धत होती : बंद का, कुणाला विचारायचं. रंग आलेला नव्हता म्हणून पाटी टांगायची राहिली. टेलचा एक म्हातारा शेतकरी पाणी आज येईल, उद्या येईल म्हणून बांधावर बसून राहिला. भुईमूग वाळला. मग तो कालव्याच्या काठाकाठानं चालत गेटापर्यंत आला, आणि साहेबांना बघून भांडला सुद्धा नाही.

"त्यो म्हणला, साहेब, बंद केलं त्याचं काही न्हाई. हुकूम असंल. पण सांगितलं असतं तर मी वाट तरी बघितली नसती." साहेबांनी समोरची रिकामी खुर्ची जरा सरळ केली. "त्याच्या पुढं मी कधीच बिनपाटीचं गेट बंद केलं न्हाई. रंग नसला तर कोळशानं लिवलं. उभ्या नोकरीत न्हाई."

माझी स्वतःची अडचण अगदी फालतू होती. कॉलेजनं मार्क भरायला एक नवी साइट काढली, आणि ती माझ्या खोलीत उघडेना. रविवारची दुपार होती. मी विद्यार्थ्यांना शिकवतो त्याच क्रमानं तपासत गेलो. बाकीच्या साइट चालू, म्हणजे नेट आहे. मोबाइलच्या नेटवर हीच साइट उघडते, म्हणजे साइटही आहे. वायफायवर तेवढी अडते. मग त्या नावाचा नंबर काय मिळतो ते विचारलं, तर मिळाला जिन्याखालच्या कॉम्प्युटरचा. म्हणजे साहेबांच्या यादीत अडकली. नव्या साइटवर यादीचा विश्वास नसतो, त्यातून झालं असणार. दोन मिनिटांचं काम. ओट्यावर जायचं, पीक सांगायचं.

उठताना मात्र माझं लक्ष पडद्याकडे गेलं. पडद्यावर पाटी नव्हती. गुलाबाची वेल नव्हती. लाल त्रिकोण होता आणि इंग्रजीत धोक्याची सूचना होती. मी खाली बसलो. यादीतल्या आणखी चार-सहा साइट उघडून बघितल्या. सगळीकडे तोच लाल त्रिकोण.

कारण मला माहीत होतं, फक्त या घराच्या बाबतीत ते कधी डोक्यात आलं नव्हतं. हल्लीच्या साइट ओळख पटवून मगच बोलतात. पत्त्यांच्या साइटच्या नावानं दुसराच कुणी उत्तर द्यायला लागला तर मोबाइल त्या दुसऱ्याचा एक शब्दही माणसाला दाखवत नाही. तो त्याला चोर समजतो आणि मध्येच थांबवतो. पाटी जिन्याखाली होती, पण तिच्यापर्यंत कुणाला जाऊच दिलं जात नव्हतं.

मी खाली गेलो. साहेब नुकतेच खुर्च्या टाकत होते.

"या सर. पाटी वाचली का?"

"साहेब, पाटी दिसतच नाही."

"कामून दिसत न्हाई? मी सोता बघितलीय. केबलवाल्यानं दाखवली. वेल हाय बगा तिला."

"कोणत्या साइटवर दाखवली?"

त्यांनी आकडे लावायच्या एका जुनाट साइटचं नाव सांगितलं. ती जुन्या पद्धतीची, ओळख न विचारणारी. तिच्यावर पाटी दिसणारच. मी तसं सांगितलं. त्यांना पटेना. त्यांनी जिन्यात तोंड घालून बँकवाल्यांना हाक मारली. बँकवाले बनियनवर खाली आले.

"तुमी स्कोअरच्या येळंला आलतात. पाटी वाचली म्हणलात का न्हाई?"

बँकवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "म्हणलो होतो साहेब. आता तुमी विचारायलात म्हणल्यावर न्हाई कसं म्हणावं? खोली घेतली तवाच तुमी वाचून दाखवली होती की. पाठच हाय मला."

"पण मोबाइलवर?"

"मोबाइलवर लाल कायतरी यायचं."

साहेबांनी चष्मा घातला आणि जिना चढायला लागले. अमोल गेल्यापासून ते त्या खोलीत आले नव्हते. आत येऊन त्यांनी भिंती बघितल्या, माझं दोरीवरचं धुणं बघितलं, खिडकीखालचं टेबल बघितलं.

"हितंच बसायचा," म्हणाले. "उघडा. त्यो खेळायचा ती उघडा."

त्यांनी नाव सांगितलं, मी ती साइट उघडली. लाल त्रिकोण आला.

"काय लिवलंय? मराठीत सांगा."

मी सांगितलं. "तुमचं कनेक्शन खासगी नाही. चोरटे तुमची माहिती पळवण्याचा प्रयत्न करत असतील."

"चोरटे मंजे कोण?"

मी पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली.

"सर, चोरटे मंजे कोण? जिन्याखालचं मशीन?"

"तसंच म्हणायचं, साहेब."

"आन् हे खाली निळं काय हाय?"

"इथून सुरक्षित जागी परत जा, असं आहे."

ते टेबलाच्या कडेला हात टेकून उभे राहिले. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. खरंच वाटलं होतं. मुलानं वाचून पाठ फिरवली नव्हती, त्याला बिचाऱ्याला दिसलंच नव्हतं. कोणत्याही बापाला हे ऐकून हलकं वाटावं. मी तसं बोललोही, "साहेब, म्हणजे अमोलनं काही वाचलंच नाही. तो वाचून गेला नाही."

"टेलला पोचलंच न्हाई मंजे."

"नाही."

"मंजे मी पोराचं गेट बंद केलं," ते सावकाश म्हणाले, "आन् पाटी लावली न्हाई."

मग ते खाली गेले. त्या संध्याकाळी एकच खुर्ची ओट्यावर राहिली आणि तीही रिकामी. काकूंनी चहा आणला, तो कुणापासून सुरू करायचा हे सांगायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी जवळच्याला दिला. मी जे सांगितलं ते खरं होतं. त्याऐवजी खोटं सांगायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही. पण इतकं निरुपयोगी खरं मी आयुष्यात दुसरं सांगितलेलं नाही. त्या दिवशी त्यांचा राग गेला आणि त्याच्याबरोबर पाठीचा ताठपणाही गेला.

दोन-चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. यादी काढून टाका म्हणाले. मी काढली. जिन्याखालचं घुमणं थांबलं आणि घर एकदम ओकंबोकं वाटायला लागलं. मग त्यांनी विचारलं, "आता पाटी कुठं लावू ते सांगा."

अमोलचा नंबर बंद होता. त्याची फोटो टाकायची खाती त्यानं स्वतःच पुसून टाकली होती. दुकानातल्या मित्रांना तो कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. मी हे सगळं करून बघितलं आणि सांगितलं.

"मग त्या पत्त्याच्या साइटवरच लावता यील का? तितं तर त्यो येतच असंल की."

ज्या जागेचं गेट त्यांनी बंद केलं होतं, आता तेवढ्याच जागी मुलगा सापडण्यासारखा होता. मी त्या कंपनीच्या मदतकक्षाला निरोप लिहिला. एका खेळाडूच्या वडलांना त्याला दोन ओळी पोचवायच्या आहेत, असं साधं लिहिलं. उत्तर लगेच आलं. आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. त्यानंतर काही आलं नाही.

मग एक दिवस साहेबांनी त्या साइटवर स्वतःचं खातं काढलं. पत्त्यातला बदाम कोणता आणि इस्पिक कोणतं हे त्यांना माहीत नव्हतं. बँकवाल्यांकडून शिकून घेतलं. दुपारी जेवण झालं की ओट्यावर बसून मोबाइलवर डाव मांडायचे. तिथं खऱ्या नावानं कुणी नसतं. कुणी राजा, कुणी वाघ, कुणी नुसता आकडा. प्रत्येक टेबलावर ते आधी सगळी नावं अमोलला लावून बघायचे. बोलायची सोय नव्हती. तयार वाक्यं होती, त्यातलं एक दाबायचं. "शाब्बास." "नशीब!" "लवकर खेळा." "पुन्हा भेटू." साहेब फक्त शेवटचं दाबायचे. डाव हरले, की परक्या तीन-चार माणसांना "पुन्हा भेटू" म्हणून दुसऱ्या टेबलावर जायचे.

"लेक गेला, आता बाप बसला," काकू म्हणाल्या आणि आत जाऊन दार लावून रडल्या.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "साहेब, हे फुकटचे टेबल आहेत. सरावाचे. अमोल असेल तर पैशांच्या टेबलावर असेल."

"ठाव हाय मला."

"मग?"

"पैशाच्या टेबलाला मी बसणार न्हाई. मीच बसलो तर पाटीला काय अर्थ राहिला?" त्यांनी पान टाकलं. बहुतेक चुकीचं टाकलं. "हितं येतच न्हाई असं थोडंच हाय. एखांद्या दिवशी त्याच्याकडं पैसे नसतील. तवा यील."

ते त्याच आशेवर बसत होते. मुलाच्या खिशात काही नसेल त्या दिवसाची वाट बघत.

मग सरकारनं पैशांचे असले खेळच बंद केले. देशभर. बातमी आली तेव्हा आमच्या कॉलेजात सगळे चांगलं झालं म्हणाले, मीही म्हणालो. संध्याकाळी घरी आलो तर साहेब मोबाइल हातात धरून ओट्यावर बसलेले. त्या साइटनं पैशांचे काय, फुकटचे टेबलही उचलले होते. पडद्यावर नुसता मजकूर होता : सरकारी आदेशानुसार आमचे खेळ बंद करण्यात आले आहेत, अडचण असल्यास इथे संपर्क करा.

"बगा," ते म्हणाले. "त्यायनी सुद्धा पाटी लावली."

मी शेजारच्या पायरीवर बसलो. संपूर्ण देशातल्या आयाबायांना ज्या गोष्टीचा आनंद झाला असेल, तिनं या एका माणसाची शेवटची खिडकी बंद केली होती, आणि त्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. त्यांनाही ती करायची नव्हती.

"चांगलं झालं," तेच म्हणाले. "लय पोरं वाचतील." थोड्या वेळानं म्हणाले, "पण आता त्यो कुठं येत असंल?"

त्यानंतर काही महिन्यांनी मला पुण्यात नोकरी लागली. खोली सोडायच्या दिवशी साहेबांनी माझ्या हातात पत्र्याची पाटी ठेवली. कालव्यावरची जुनी, वर दोन भोकं असलेली. घासून, पांढरा रंग देऊन तिच्यावर काळ्या अक्षरात लिहिलेलं. त्यांचं अक्षर मोठं छान होतं. गेट बंद असल्याची ओळ त्यांनी काढून टाकली होती, कारणही काढलं होतं. उरलेलं तसंच होतं : तक्रार असल्यास संध्याकाळी ओट्यावर यावे. ऐकून घेतले जाईल. कोणी रागावणार नाही.

"पुण्याला चाललात. तितं कुठं लावता यील का बगा."

मी घेतली. नाही कसं म्हणायचं?

ती पाटी माझ्या पुण्यातल्या खोलीत कपाटामागे उभी आहे. साहेबांचा अधूनमधून फोन येतो. आता त्यांना नीट ऐकू येत नाही, फोनवर ते जुन्या निरीक्षकासारखे ओरडून बोलतात. तब्येत विचारली की बरी हाय म्हणतात. काकूंचं विचारलं की हाय म्हणतात. मग थांबतात, आणि मला कळतं की आता ते विचारणार.

"पाटी लागली का, सर?"

"जागा बघायलोय, साहेब," मी म्हणतो. एवढ्या मोठ्या शहरात, जिथं प्रत्येक खांबावर काहीतरी लावलेलं असतं, मी खरंच बघत असतो. बसमधून बघतो, पुलाखालून जाताना बघतो. कुठंही लावली तरी चालेल आणि कुठंही लावली तरी ती त्याला दिसणार नाही, हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत असणार.

मागच्या वेळी मी जागा बघायलोय म्हणालो, तेव्हा ते लगेच फोन ठेवतील असं वाटलं होतं. त्यांनी ठेवला नाही. पलीकडे काकूंचा काहीतरी आवाज आला, साहेबांनी त्यांना थांब म्हटलं, आणि मग नेहमीपेक्षा जरा हळू बोलले.

"मी काय म्हणतो सर, लावायच्या आधी तेवढं रागावणार न्हाई म्हणलेलं परत गिरवून घ्या. मोठ्या अक्षरात. लांबून दिसाया पायजे."